आवाजाची घुंडी : तिचे दोष व त्यांची दुरुस्ती

वाद्य वाजवितां येणें ही मोठी कला आहे. परंतु त्याचा आवाज योग्य वेळीं कमी करतां येणें हाहि त्या कलेचाच भाग आहे, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. एका गणेशोत्सवांत घडलेल्या लहानशा प्रसंगानें ही गोष्ट माझ्या मनावर चांगलीच ठसली. विजेचा जो नियम आपण वर्गांत फळ्यावर शिकतों, तोच त्या वेळीं भर रस्त्यांत परीक्षा पाहावयास उभा राहिला होता. म्हणून ती हकीकत येथें सांगतों.

आपल्या शाळेंतील एक विद्यार्थी लालबागेस राहतो. त्याचा वडील भाऊ तेथील एका बँजो पार्टींत वाजवितो. मुंबईच्या मिरवणुकींतील हा बँजो म्हणजे अमेरिकेंतलें वाटोळें तंतुवाद्य नव्हे. लांबट पेटीवर तारा ताणून त्यांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविलेल्या असतात. इ. स. १९१२ मध्यें जपानांतील नागोया शहरीं मोरिता गोरो यानें तयार केलेल्या तैशोगोतो नामक वाद्याचा हा वंशज. आपल्याकडे यास बुलबुलतरंग असेंहि म्हणतात. मिरवणुकीच्या बँजोंत तारांखालीं चुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवितात. त्यांत उत्पन्न होणारा क्षीण विद्युत्प्रवाह अॅम्प्लिफायरनें वाढवून कर्ण्यांकडे नेतात.

परळ भागांत रुग्णालयें पुष्कळ. केईएम १९२६ पासून व टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून तेथें उभें आहे. विसर्जनाची मिरवणूक अशाच एका रुग्णालयापाशीं आली, तेव्हां पुढाऱ्यांनीं आवाज कमी करण्याची खूण केली. मुलाच्या भावानें बँजोवरील घुंडी शून्यावर आणली. पण आवाज कमी होईना! लोकांस वाटलें, हा मुद्दाम ऐकत नाहीं. चार कठोर शब्द ऐकून त्यानें वादन थांबविलें. दुसऱ्या दिवशीं मुलानें मला विचारलें, “सर, चूक दादाची कीं वाद्याची?”

मीं म्हटलें, “बाळ, वाद्य घेऊन ये. त्यालाच विचारूं.”

आतां या घुंडीच्या पोटांत काय असतें तें पाहूं. बाजारांत या भागास ‘पॉट’ म्हणतात; पोटेन्शिओमीटर या लांबलचक नांवाचें हें लघुरूप. त्यांत घोड्याच्या नालाच्या आकाराचा कार्बनचा पट्टा असतो. पट्ट्याच्या दोन टोकांस दोन पाय व त्यावरून सरकणाऱ्या धातूच्या जिभेस मधला तिसरा पाय असतो. एका टोकास वाद्याकडून येणारा ध्वनीचा प्रवाह जोडतात, दुसरें टोक शून्यास, म्हणजे अर्थास, जोडतात, आणि मधल्या पायावरून ध्वनि पुढें जातो. जीभ पहिल्या टोकाशीं असतां सर्व आवाज मिळतो, शून्याशीं असतां कांहींच मिळत नाहीं. ही वांटणी ज्या नियमानें होते तो जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. हा ओहम कुलपें करणाऱ्या कारागिराचा मुलगा असून त्यापूर्वीं कोलोन शहरीं शाळेंत शिक्षक होता, हें हातांनीं काम करण्यास लाजणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें.

या भागास मुख्यतः तीन दोष जडतात व प्रत्येकाची भाषा निराळी असते.

पहिला दोष खरखरीचा. घुंडी फिरवितांना कर्ण्यांतून खरखर येते. पट्ट्यावर मळ बसला, किंवा तो झिजला, म्हणजे जिभेचा स्पर्श तुटक होतो. समुद्राची दमट हवा, पावसाचे शिंतोडे व गुलाल हे तिघेहि आपल्या शहरांत भाद्रपदांत एकत्र येतात, मग दुसरें काय व्हावयाचें! पुष्कळ नव्या की-बोर्डांत घुंडीची केवळ जागा आंतील गणकास कळविली जाते. तेथें अशा मळानें खरखर न होतां आवाज एकाएकीं उड्या मारतो.

दुसरा दोष आवाज मधेंच नाहींसा होण्याचा. जीभ सैल झाली, पट्टा एके ठिकाणीं पार झिजला, किंवा मधल्या पायाचा डाख तडकला, असें समजावें.

तिसरा दोष आवाज कमीच न होण्याचा. शून्याकडील पाय तुटला म्हणजे वांटणी करणाराच नाहींसा होतो, आणि घुंडी कोठेंहि असली तरी बहुतेक सर्व ध्वनि पुढें जातो.

परीक्षा मल्टीमीटरनें करावी. वाद्य बंद करून, सर्व जोडण्या काढून, पॉटच्या तारा सोडवाव्या. बाहेरील दोन पायांमधील रोध पाठीवर छापलेल्या आंकड्याच्या जवळपास यावा. शेंकडा वीसपर्यंत फरक क्षम्य आहे. मग मधला पाय व एक टोक यांस मापक लावून घुंडी सावकाश फिरवावी. आंकडा एकसारखा चढला तर पट्टा निरोगी. मधेंच उडाला तर रोग तेथें आहे.

उपाय सोप्यापासून सुरू करावा. मळ असल्यास प्लॅस्टिकला न बाधणारा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या फटींतून थोडासा सोडून घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळां फिरवावी व पूर्ण वाळूं द्यावी. येथें माझी एक चूक कबूल करतों. पूर्वीं शाळेच्या की-बोर्डाची घुंडी बिघडली असतां मीं तींत शिवणयंत्राचें तेल सोडलें. आठ दिवस आनंदांत गेले. पुढें तेलानें धूळ धरून ठेवली आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं वाद्य मुकें झालें. तेल, खोबरेल, रॉकेल यांतील कांहींहि वापरूं नये.

पट्टा झिजला असल्यास पॉट बदलावा. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असे भाग मिळतात. जुना पॉट बरोबर न्यावा आणि रोध, दांड्याची लांबी व अक्षर हीं तीन्ही जुळवावीं. आशियांतील बहुतेक मालावर ‘बी’ म्हणजे समप्रमाणानें बदलणारा व ‘ए’ म्हणजे कानाच्या स्वभावास अनुसरून बदलणारा पॉट होय. शक्ति दसपट वाढविली तरी आपल्या कानास आवाज सुमारें दुप्पटच वाटतो. म्हणून ‘ए’ जातीचा पट्टा आरंभीं हळूहळू व पुढें झपाट्यानें बदलेल असा केलेला असतो. आवाजासाठीं ‘बी’ बसविल्यास पहिल्या थोड्याशा फेऱ्यांतच सारा आवाज उसळून येतो. तारा काढण्यापूर्वीं त्यांचें चित्र काढून ठेवावें. टोकांच्या तारा उलट जोडल्यास घुंडी उलटी चालते.

एक इशारा मात्र विसरूं नये. बँजोच्या पेटींत घातक विद्युद्दाब नसतो. अॅम्प्लिफायर व जुने व्हॉल्व्हचे रेडिओ यांत तो असतो, आणि वीज तोडल्यावरहि कांहीं वेळ टिकतो. तीं यंत्रें विद्यार्थ्यांनीं उघडूं नयेत. तें काम जाणत्या कारागिराचें आहे.

आतां लालबागचा बँजो. शनिवारीं प्रयोगशाळेंत तो उघडला. घुंडीखालचा नट सैल झाल्यामुळें प्रत्येक फेऱ्याबरोबर पॉटचें सारें अंगच फिरत होतें. तारा ओढल्या जाऊन शून्याकडील पायाचा डाख तडकला होता. पट्टा मात्र निरोगी होता. नवा भाग घेण्याची गरजच पडली नाहीं. मुलानें स्वतः थोडें कथील लावून नवा डाख दिला व नट आवळला. त्याचा भाऊ दाराशीं उभा होता. त्यानें एक सूर छेडला, घुंडी हळूहळू मागें आणली, आणि सूर अगदीं नाहींसा झाला. त्यानें पुन्हां फिरवून पाहिली, पुन्हां शांतता. “आतां पुढल्या वर्षीं त्या दवाखान्यासमोरून मान वर करून जाईन,” एवढेंच तो म्हणाला.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें. चूक दादाची नव्हती. पण मिरवणुकीपूर्वीं घुंडी एकदां शून्यावर आणून पाहिली असती, तर बोल लागला नसता, आणि रुग्णांनाहि त्रास झाला नसता. आपापल्या घरचीं वाद्यें उत्सवापूर्वीं अशींच तपासा. आवाज किती चढतो हें सर्वच पाहतात. तो उतरतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.