गटाचा कॅमेरा, गटाच्याच ताब्यात



आपल्या बऱ्याच गटांच्या कपाटात एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे. कुणाला तो प्रकल्पातून मिळाला, कुणी जुना विकत घेतला, कुणाला मुंबईच्या भावाने नवा मोबाइल घेतल्यावर देऊन टाकला. मग सगळीकडे मोबाइल आले आणि कॅमेरा फडक्यात गुंडाळून पेटीच्या मागे गेला. या महिन्याच्या पाठात तो बाहेर काढायचा आहे.

"मोबाइल असताना हे डबडं कशाला?" कात्रजच्या शिबिरात पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न आलाच. (भोर, वेल्हे, खेड-शिवापूरकडच्या ताईंना पुण्यात शिरताना कात्रजलाच उतरता येतं, म्हणून शिबिर तिथे घेतो.) प्रश्न रास्त आहे. मी उलट विचारलं, "तुमच्या गटाचे मागच्या दोन वर्षांतले फोटो आत्ता कुठे आहेत?" एकीने सांगितलं, मुलाच्या मोबाइलमध्ये होते, तो चाकणला कामाला लागला, फोनही बदलला. दुसरी म्हणाली, आमच्या सचिवताईंच्या मिस्टरांकडे आहेत, मागायला संकोच वाटतो. तिसरीचा मोबाइल विहिरीत पडला होता.

आणखी एक गोष्ट एका ताईने चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितली. बैठकीत हसताना काढलेला तिचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमधून गावच्या ग्रुपवर गेला. खाली चार वाईट शेरे पडले. घरून तिला सांगण्यात आलं, आता बैठक बंद. दोन बैठका ती आली नाही, हप्ता शेजारणीबरोबर पाठवला. फोटो काढणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, पण फोटो कुणाच्या ताब्यात राहतो यावर कुणी विचारच केला नव्हता.

आपण गटाची रोकड कुणा एकीच्या पर्समध्ये ठेवत नाही. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि हिशेब सगळ्यांसमोर. मग गटाचे फोटो कुणाच्या तरी घरच्या मोबाइलमध्ये का असावेत? आपल्याकडे आहेत त्या साध्या कॅमेऱ्यांना इंटरनेट नसतं. फोटो कार्डावर राहतो आणि कुणीतरी मुद्दाम काढेपर्यंत बाहेर जात नाही. आजच्या काळात हाच त्याचा गुण आहे, असं माझं मत आहे.

मोबाइल टाकून द्या असं मात्र मी म्हणत नाही. घरकुलाच्या कामाचा फोटो जागेच्या नोंदीसह ॲपमधूनच चढवावा लागतो, तिथे हा कॅमेरा उपयोगाचा नाही. गिऱ्हाइकाला पापडाचा फोटो लगेच पाठवायचा तर मोबाइलच बरा. पण बैठक, प्रशिक्षण, कर्जातून घेतलेलं जनावर, शिलाई मशीन, गिरणी, म्हणजे जे पाच वर्षांनीही दाखवावं लागेल, ते गटाच्या कॅमेऱ्यावर घ्या.

हे यंत्र फार जुनंही नाही. 1975 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोहून जास्त, आणि एक काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागायची. पुढे हेच कॅमेरे खिशात मावू लागले. 2010 साली जगभरात कंपन्यांनी सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, 2020 मध्ये तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. मधल्या काळात मोबाइलचा कॅमेरा सुधारला. म्हणून आज जुने कॅमेरे घरोघरी पडून आहेत. गंमत म्हणजे शहरातली कॉलेजची मुलं आता तेच हौसेने शोधतायत, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याची किंमत कुणी वाढवून सांगितली तर भुलू नका.

विकत घेताना मेगापिक्सेलच्या आकड्यालाही भुलू नका. आपण स्टुडिओत धुऊन घेतो त्या चार बाय सहा इंची फोटोला दोन-तीन मेगापिक्सेल पुरतात. दुकानदार सोळाचा आकडा दाखवेल. तुम्ही चालू करून लेन्स आवाज न करता बाहेर येते का, आत जाते का, ते बघा. लेन्स अर्ध्यावर अडकत असेल तर आत बहुधा धूळ गेली आहे किंवा कॅमेरा पडलेला आहे. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आपल्याकडे हे का होतं? पिशवीत भाजी, नारळ, वही, आणि त्यातच कॅमेरा. बटण दाबलं जातं, लेन्स बाहेर यायला बघते, नारळ येऊ देत नाही. त्याला वेगळा कापडी बटवा शिवा. शिलाईवाल्या ताई प्रत्येक गटात आहेत.

आता शिबिरात सगळ्यात जास्त आलेल्या तक्रारींकडे वळू.

"कार्ड घालते तर एरर येतो." एका गटाने नवं 64 जीबीचं कार्ड आणलं होतं, कॅमेरा पंधरा वर्षांपूर्वीचा. जुन्या कॅमेऱ्याला मोठं कार्ड कळतच नाही. फार जुना असेल तर 2 जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्ड, नंतरचा असेल तर 32 जीबीपर्यंतचं एसडीएचसी. 64 आणि त्यापुढची एसडीएक्ससी असतात, ती नव्या कॅमेऱ्यांसाठी. 2 जीबी म्हणजे कमी वाटतं, पण पाच मेगापिक्सेलचे आठशेच्या वर फोटो त्यात मावतात. आणि कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो खाली सरकला की कार्ड कुलूपबंद होतं आणि फोटो निघत नाही. दोन गटांचे "बिघडलेले" कॅमेरे शिबिरात नुसता हा खटका वर करून सुरू झाले.

"चार फोटोंत सेल संपतात." पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर घड्याळात घालतो तो स्वस्त सेल त्याला झेपत नाही. कॅमेरा एकदम जास्त वीज ओढतो. चार्ज होणारे सेल घ्या, त्यावर निकेल-मेटल हायड्राइड किंवा तशी खूण असते. सुरुवातीला महाग पडतात, पण शेकडो वेळा चार्ज होतात. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.

सेल काढले की मात्र दुसरी अडचण येते, आणि तिच्यावर मला थोडं थांबायचं आहे. कॅमेऱ्यातलं घड्याळ आत असलेल्या एका बारीक सेलवर चालतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत तो मोठ्या बॅटरीवरच चार्ज होतो. मोठी बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की कॅमेरा तारीख विसरतो आणि पुन्हा 1 जानेवारीपासून, तेही कुठल्यातरी जुन्या सालापासून, मोजायला लागतो. चालू करताना तो तारीख विचारतो, आपण घाईत पुढे जातो.

एका गटातल्या ताईने कर्ज काढून गाय घेतली. विमा उतरवताना गायीचा, मालकिणीचा आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो लागतो, तो गटाच्या कॅमेऱ्यावर काढला. कोपऱ्यात तारीख छापली गेली ती गाय घेतली त्याच्या सात वर्षं आधीची. गाय विषबाधेने गेली. दाव्याच्या कागदांत तो फोटो पाहून विचारणा झाली, ही गाय तीच कशावरून? बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदीत बरोबर होता, खरेदीची पावतीही होती, म्हणून ते निभावलं. पण अडीच महिने ताई हेलपाटे घालत होत्या, आणि कर्जाचा हप्ता त्या काळात थांबत नाही. बिल्ला नसता तर?

तेव्हा दर वेळी कॅमेरा चालू केला की आधी तारीख बघा. तारखेची मांडणी दिवस-महिना-वर्ष अशी ठेवा. काही कॅमेऱ्यांत महिना आधी येतो, मग 08/05 म्हणजे आठ मे की पाच ऑगस्ट यावर वाद होतो. फोटोवर एकदा छापलेली तारीख नंतर बदलता येत नाही. आणखी खात्री हवी असेल तर वहीच्या पानावर तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि ते पान हातात धरून फोटो काढा. बिल्ल्याचा फोटो जवळून वेगळा घ्या. त्यासाठी कॅमेऱ्यावर फुलाची खूण असते, ती लावल्याशिवाय जवळचे आकडे धूसर येतात.

खुणांची भीती बाळगू नका. 1984 साली अहमदाबादच्या सेवा संस्थेत भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यांच्यात लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. त्यांनी बटणं खुणांनी आणि हाताने ओळखली आणि चित्रफिती बनवल्या. आपल्या कॅमेऱ्यावर तर फूल, वीज, चंद्र अशा सोप्या खुणा आहेत.

"बटण दाबलं की फोटो उशिरा निघतो, तोवर पोरगं हललेलं असतं." या कॅमेऱ्यांचा हा स्वभावच आहे. त्याला आधी नेम धरायला वेळ लागतो. बटण अर्धंच दाबा, बारीक आवाज येईल किंवा पडद्यावर हिरवा चौकोन दिसेल, मग पूर्ण दाबा. एवढं जमलं की तुमचे निम्मे खराब फोटो कमी होतील. बाकी निम्मे उजेडाचे. बैठक दाराच्या किंवा खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून बसली असेल तर चेहरे काळे येतात. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा, उजेड त्यांच्या तोंडावर पडू द्या. फ्लॅश दहा-बारा फुटांपलीकडे पोचत नाही. समाजमंदिरात तीस जणींच्या बैठकीत फ्लॅश मारला की पहिल्या दोन रांगा पांढऱ्या आणि मागच्या अंधारात. त्यापेक्षा सकाळी दारात उभं करून फोटो काढा.

मालाच्या फोटोबद्दल एवढंच, की पांढरा पापड पांढऱ्या कापडावर ठेवू नका. कॅमेरा सगळ्याच पांढऱ्याला बघून गोंधळतो आणि फोटो राखाडी काढतो. आपला आंबेमोहोर तांदूळही असाच मळका दिसतो. सुपात किंवा गडद साडीच्या पदरावर ठेवा, उन्हात नाही, ओसरीच्या सावलीत.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढते, ती नंतर निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या किंवा चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकून ठेवा. पुडी फोडू नका. तांदळात पुरू नका, त्याचं पीठ लेन्सच्या फटीत जातं.

फोटो काढून झाला म्हणजे काम संपलं असं नाही. दर तीन महिन्यांनी फेडरेशनच्या ऑफिसात कार्ड घेऊन या, आपण संगणकावर उतरवू आणि एक प्रत गटाच्या पेन ड्राइव्हवर देऊ. दोन ठिकाणी पोचल्याशिवाय कार्डावरून काहीही पुसू नका. चुकून पुसलंच, तर त्या कार्डावर नवा फोटो एकही काढू नका. जोवर वर नवं काही लिहिलं जात नाही तोवर जुनं बऱ्याचदा परत काढता येतं. कार्ड बाजूला काढून तसंच आमच्याकडे आणा.

आणि पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या. कॅमेरा कुणाकडे, कार्ड कुणाकडे, हे वहीत लिहा. कॅमेरा आणि कार्ड शक्यतो वेगवेगळ्या वस्तीतल्या दोघींकडे असू द्या. जिला फोटोत यायचं नाही तिला बाजूला बसायची मोकळीक द्या, कारण विचारू नका. गटाचा फोटो बाहेर द्यायचा तर फोटोतल्या सगळ्यांना विचारून. हे आम्हा कार्यकर्त्यांनाही लागू आहे. आम्हीही अहवालासाठी येतो आणि न विचारता खटाखट फोटो काढतो. आम्हाला थांबवा.

पुढचं सरावाचं शिबिर पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी. बुधवारी ते बंद असतं, म्हणून गुरुवार. काचेतून आणि जाळीतून फोटो कसा घ्यायचा, ते आत शिकू. येताना कॅमेरा, कार्ड, चार्जर आणि ठरावाची वही आणा. डबा आपापला.