स्टिअरिंगवरची डुलकी

२००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग घाट सोडला तर सरळ, एकसुरी. पुण्याहून पहाटे पनवेलला परतताना चालकाला पेंग येते ती त्यामुळेच. ताशी १०० किलोमीटर वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ८३ मीटर चालकाविना धावते! सर्दीच्या काही गोळ्यांनीही झोप येते. गाडी चालवायची असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. खिडकी उघडून, रेडिओ मोठा करून झोप जात नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनात, की फूड मॉलवर थांबावे, कॉफी घ्यावी आणि लगेच गाडीतच वीस मिनिटे झोपावे. कॉफीचा अंमल चढायला तेवढा वेळ लागतोच. शेजारी बसणाऱ्याने मात्र प्रवासात घोरू नये. चालकाशी बोलत राहावे.