व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचंय? आधी कागदावर जाऊन या!



यंदा आठवीच्या मुलांना मी एक उपक्रम दिला. उत्तराखंडमधल्या 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीचं नियोजन करायचं, तेही फक्त कागदावर. भूगोल, गणित आणि आरोग्य हे तिन्ही विषय यात आपोआप येतात.

हाच विषय निवडण्यामागे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही घरचे चौघे तिकडे निघालो होतो. जोशीमठच्या अलीकडे दरड कोसळून रस्ता बंद झाला. पिपलकोटीत दोन रात्री काढल्या. परतीचं रेल्वे तिकीट ठरलेलं, हातात एकही जादा दिवस नाही. शेवटी घाटी न बघताच परत फिरलो. लेक तेव्हा सहावीत होती. तिनं विचारलं, "बाबा, एक दिवस जास्त का नाही ठेवला?" मला उत्तर देता आलं नाही.

आधी ओळख करून घेऊ

हे उद्यान चमोली जिल्ह्यात आहे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे साथीदार या खोऱ्यात उतरले आणि पुढे जगभर त्याचं नाव झालं. स्थानिक लोकांना ते त्याआधीपासून माहीत होतंच. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. क्षेत्रफळ सुमारे ८७.५ चौरस किलोमीटर. मधून पुष्पावती नदी वाहते. आत राहायला परवानगी नाही. घांगरिया गावात मुक्काम करायचा, सकाळी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं.

पहिला प्रश्न: कधी जायचं?

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. जूनमध्ये वाटेवर बर्फ असू शकतो. सर्वांत जास्त फुलं साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. पण तेच तर पावसाचे दिवस! ज्या पावसानं फुलं येतात, त्याच पावसानं दरडी पडतात. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो, फुलंही कमी होतात. वर्गात यावरून चांगलीच जुंपली. मी निकाल दिला नाही. "जे ठरवाल, त्याचं कारण लिहा," एवढंच सांगितलं.

दुसरा प्रश्न: किती वेळ लागेल?

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत जीप जाते. तिथून घांगरिया साधारण १० किलोमीटर, सगळा चढ. मुलांनी लगेच भागाकार केला: ताशी ५ किलोमीटर, म्हणजे दोन तास. इथं मी त्यांना नाइस्मिथचा नियम सांगितला. १८९२ साली या स्कॉटिश गिर्यारोहकानं मांडलेला हा नियम सोपा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पुलना ते घांगरिया चढाई हजार मीटरच्या आसपास. म्हणजे २ तास अधिक १ तास ४० मिनिटं. हा हिशोब सरावलेल्या माणसाचा. लहान मुलं, विश्रांती, पाऊस धरून दीडपट करा: साडेपाच तास. मुलं एकदम गप्प झाली.

तिसरा प्रश्न: शरीराला झेपेल का?

घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ७० टक्केच असतो. डोकं दुखणं, मळमळणं सुरू झालं तर आणखी वर जायचं नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

शेवटी वेळापत्रक

हरिद्वार ते गोविंदघाट एक अख्खा दिवस, दुसऱ्या दिवशी घांगरिया, तिसऱ्या दिवशी घाटी, चौथ्या दिवशी खाली, पाचव्या दिवशी हरिद्वार. बहुतेक गटांनी पाचच दिवस लिहिले. मग मी फळ्यावर 'रस्ता बंद' असं लिहिलं. पुन्हा आकडेमोड झाली आणि सात दिवस झाले: जाताना एक जादा, येताना एक जादा.

मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, जादा दिवसही संपले तर?"

तेव्हा मी वर्गाला खरं ते सांगितलं. पिपलकोटीत मी एका जीपवाल्याला जास्त पैसे देऊ केले होते, दगड पडत असताना पलीकडे नेण्यासाठी. बरोबर दोन मुलं होती. त्यानं हात जोडून नाही म्हटलं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी आमच्यात शहाणा तोच होता.

मुलीनं वहीत लिहिलं: "जादा दिवस संपले तर परत यायचं."

तुम्हीही करून पाहा

१. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येकाला वेगळा महिना द्या.
२. नियम वापरून आपल्या जवळच्या गडाचा वेळ काढा, मग प्रत्यक्ष चढून ताडून पाहा.
३. सामानाची यादी वजनासह करायला सांगा. रेनकोट, गरम कपडे, औषधं, रोख पैसे आणि आपला कचरा परत आणायला पिशवी हवीच.
४. 'परत कधी फिरायचं?' हा रकाना प्रत्येक नियोजनात ठेवा.

पालकहो, खरंच जाणार असाल तर वेळा, शुल्क आणि रस्त्याची स्थिती निघण्याआधी वन विभागाकडून आणि प्रशासनाकडून नक्की विचारून घ्या. आणि हा शेवटचा रकाना मुलांकडूनच भरून घ्या.