बेस गिटारची तार कशी निवडाल?

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने सुट्टीत काम करून पैसे साठवले आणि एक जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार विकत घेतली. स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आले होते. वाद्याच्या तारा गंजलेल्या होत्या. 'खर्ज भरदार हवा, तर तार जाड हवी' असा हिशेब करून त्याने दुकानातला सर्वांत जाड संच आणला आणि चारही तारा नेमक्या स्वरांत लावल्या. पण चार दिवसांतच वाद्याची दांडी पुढे वाकली. तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या; त्या दाबताना बोटे सोलून निघू लागली. वाद्य घेऊन तो थेट प्रयोगशाळेत आला. "सर, स्वर तर बरोबर लागले आहेत. मग चुकले कुठे?"

चूक कुठे झाली ते समजण्यासाठी प्रथम तारेचा नियम पाहू.

तारेचा नियम

मारँ मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६३६ साली हा नियम मांडला. आजच्या भाषेत तो असा लिहिता येतो :

वारंवारता = १/(२ × लांबी) × √(ताण ÷ एक मीटर तारेचे वस्तुमान)

म्हणजे तार लांब केली किंवा जड केली की स्वर खाली उतरतो. ताण वाढवला की वर चढतो.

बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. त्यांच्या स्वरांना ई, ए, डी आणि जी म्हणतात. त्यांच्या वारंवारता अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्‌झ आहेत. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ साली बाजारात आणलेल्या बेस गिटारपासून तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६.४ सेंटिमीटर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. चारही तारांची लांबी एकच! तेव्हा लांबी बदलून स्वर उतरवण्याची सोय इथे नाही. हाती उरतात त्या दोनच गोष्टी : ताण आणि वस्तुमान.

ताण कमी केला तर?

समजा, जी तारेवर १९० न्यूटन ताण आहे. तीच तार सैल करून तिच्यावर ई स्वर काढायचा आहे. वारंवारता ९८ वरून ४१.२ वर, म्हणजे २.३८ पट खाली आणायची. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ताण २.३८ च्या वर्गाने, म्हणजे ५.६६ पटींनी कमी करावा लागेल. उरला फक्त ३४ न्यूटन! अशी तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबेल आणि पडद्यांवर खडखडेल.

म्हणून ताण जवळजवळ सारखा ठेवून वस्तुमान वाढवतात. १९० न्यूटन ताणाला जी तारेचे वस्तुमान मीटरला सुमारे ६.६ ग्रॅम लागते, तर ई तारेचे सुमारे ३७.५ ग्रॅम.

जाड, पण लवचीक

मग २.५ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी तार का लावत नाहीत? तिचे वस्तुमान तर जवळपास तेवढेच भरते. अडचण ताठरपणाची आहे. भरीव तारेचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. एक मिलिमीटर तारेपेक्षा २.५ मिलिमीटरची तार सुमारे ३९ पट ताठर! ती तारेऐवजी सळईसारखी वागू लागते. तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट न राहता थोडे वर सरकतात आणि नाद बसका, बेसूर वाटतो.

यावर कारागिरांनी सुंदर तोड काढली. मध्ये बारीक पोलादी गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या तारेचे दाट वेष्टन. ताण गाभा सोसतो; वेष्टन मुख्यतः वजन वाढवते. वेढे सुटे असल्याने ते वाकताना फारसा विरोध करत नाहीत.

वजन वाढवायचेच, तर पितळ का नको? तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असतेच की! पण इलेक्ट्रिक वाद्याचा 'कान' म्हणजे पिकअप. त्यात चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चुंबकाजवळ लोहचुंबकीय तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिल्याप्रमाणे त्यात विद्युत-दाब निर्माण होतो. पितळ किंवा काश्याच्या वेष्टनाचा इथे उपयोग नाही. फक्त आतला पोलादी गाभा 'ऐकू' येतो आणि आवाज क्षीण होतो. म्हणून वेष्टन पोलादाचे, निकेलचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे घेतात.

गोल की चपटे?

वेष्टनाची तार गोल असेल तर नाद लखलखीत आणि उपस्वरांनी भरलेला येतो. पण बोट सरकताना कुरकुर होते आणि पडदे लवकर झिजतात. वेष्टन चपट्या पट्टीचे असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत आणि नाद मऊ, गोलसर. १९६० च्या दशकात इंग्लंडचे जॉन एन्टविसल गोल वेष्टनासाठी, तर अमेरिकेचे जेम्स जॅमर्सन चपट्या वेष्टनासाठी प्रसिद्ध झाले. दोघांचीही निवड योग्यच होती. त्यांचे संगीत निराळे होते.

मग चूक कुठे झाली?

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. जी तार ०.०४५ इंचाऐवजी ०.०५० इंच घेतली तर जाडी वाढते ११ टक्के; पण वस्तुमान जाडीच्या वर्गाने, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढते. तोच स्वर हवा असेल तर ताणही तेवढाच वाढवावा लागतो. नेहमीच्या संचात चारही तारांची ओढ मिळून पाऊणशे किलोग्रॅम वजनाच्या वर असते. ती एवढी वाढल्यावर जुनी दांडी वाकेल नाही तर काय?

आम्ही ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा मध्यम संच लावला. दांडीच्या आत तिला सावरणारी पोलादी सळई असते. तिचा नट जाणकार कारागिराकडून थोडा थोडा आवळून घेतला. सुदैवाने दांडीला चीर गेली नव्हती. स्नेहसंमेलनात वाद्य वाजले. जाड संचाचे पैसे मात्र वाया गेले.

करून पाहा

शाळेतील सोनोमीटरवर पोलादी तार वजन टांगून ताणा आणि छेडा. मग ती उतरवून तिच्यावर बारीक तांब्याची तार दाट गुंडाळा आणि तेच वजन टांगून पुन्हा छेडा. स्वर किती उतरला? घोड्यांमधील अंतर कमी करत पहिला स्वर पुन्हा मिळवा. दोन्ही लांबींच्या गुणोत्तराचा वर्ग केलात की वेष्टनाने वस्तुमान किती पट झाले ते कळेल. ते तराजूवर तपासा. प्रयोग करताना चेहरा तारेपासून दूर ठेवा. ताणलेली तार तुटली तर डोळ्याला इजा होऊ शकते.