फिरत्या दवाखान्याच्या चाकांची जुळणी

फिरता दवाखाना किंवा फिरते वाचनालय गावच्या चावडीपुढे येऊन उभे राहिले, की आपले लक्ष साहजिकच आतील सोयींकडे जाते. हे सारे ज्या चाकांवर उभे असते त्यांचा विचार मात्र नव्या टायरांची मागणी कार्यालयात येईपर्यंत होत नाही. मग 'टायर निकृष्ट होते' असा शेरा पडतो व प्रकरण मिटते. वस्तुतः दोष पुष्कळदा टायरचा नसून चाकांच्या जुळणीचा, म्हणजे चालक ज्याला 'व्हील अलाइनमेंट' म्हणतात तिचा असतो.

जुळणीत मुख्यतः तीन कोन पाहतात. पुढील दोन चाके एकमेकांस समांतर आहेत, की त्यांची तोंडे आत वा बाहेर वळली आहेत, हा 'टो'. समोरून पाहता चाक उभे आहे की कललेले, हा 'कॅम्बर'. चाक ज्या किंगपिनभोवती वळते ती पिन मागे किती झुकली आहे, हा 'कास्टर'. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होते ते याच्यामुळे. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या बस-ट्रकच्या चॅसिसवर कॅम्बर बहुधा अ‍ॅक्सल घडवितानाच ठरून जातो. कास्टर पाट्यांशी पाचर घालून सुधारता येतो आणि टो टायरॉडवर.

यांत खर्चात टाकतो तो टो. अशा गाडीच्या टायरचा व्यास सुमारे एक मीटर असतो. दोन्ही चाकांमधील पुढचे अंतर मागच्यापेक्षा योग्य मापाहून अवघे ३ मिलिमीटर कमी वा जास्त भरले, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे दीड मीटर आडवे घासते. वर्षाकाठी २०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे प्रत्येक पुढचे टायर म्हणजे ३० किलोमीटर आडवे फरफटले! गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो चुकला आहे असे समजावे. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील, तर हवा कमी आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर प्रश्न बहुधा चाकांच्या समतोलाचा असतो. त्यासाठी जुळणीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती गाडी रिकामी करून जुळणी करण्यात. भार पडला की पाटे दबतात, अ‍ॅक्सल किंचित लवतो आणि कोन बदलतात. मालाचा ट्रक कधी रिकामा धावतो, कधी भरलेला. फिरत्या दवाखान्याचे तसे नाही. कपाटे, तपासणीचे मेज, जनित्र, पाण्याची टाकी हा भार कायमचा असतो, व तो दोन्ही बाजूंना क्वचितच सारखा असतो. आम्ही पाहिलेल्या अशा एका वाहनात टाकी व जनित्र एकाच अंगाला होते. जुळणी दोनदा झाली, दोन्ही वेळा टाकी रिती करून. टायर पूर्वीप्रमाणेच खात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यातील चालत्या घरांपैकी जी अशाच मोठ्या चॅसिसवर बांधली जातील, त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

म्हणून प्रथम टाकी भरून, सामान जागच्या जागी ठेवून गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल व शक्य असल्यास एकेका बाजूची चाके अशी वेगवेगळी वजने घ्यावीत. बाजूंचे वजन घेताना काट्यालगतची जमीन त्याच्याच पातळीत हवी. त्या वजनानुसार टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरावी. पुढील चाके उचलून किंगपिन, बेअरिंग व टायरॉडचे सांधे हलवून पाहावेत. ढिल्या सांध्यावर केलेली जुळणी फाटकापर्यंतही टिकत नाही. मागचा अ‍ॅक्सल तपासणे तर सहसा राहूनच जाते. पाट्याचा मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले, की तो तिरपा सरकतो आणि गाडी तिरकी धावते; महामार्गावर असे ट्रक वाचकांनी पाहिले असतीलच. अनुभवी मिस्त्री दोरी व खडूने टो बरोबर काढतो, त्याला कमी लेखू नये. पण चारही बाजूंचे कोन हवे असतील, तर जड वाहनांचे यंत्र असलेलेच ठिकाण गाठावे. मोटारीच्या रॅम्पवर ही गाडी मावत नाही, व त्या रॅम्पला तिचे वजनही पेलणार नाही.

देयकावर नुसते 'अलाइनमेंट केले' एवढे लिहिलेले स्वीकारू नये. जुळणीपूर्वीची व नंतरची मापे, त्यांशेजारी कारखान्याने दिलेली मर्यादा, असा तक्ता मागून घ्यावा आणि तो वाहनाच्या नोंदवहीत चिकटवावा. नंतर गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहावी. आपल्या रस्त्यांना डाव्या कडेकडे उतार असतो, तेव्हा गाडीची डावीकडे थोडी ओढ असणे हा दोष नव्हे. स्टिअरिंग मात्र सरळ राहिले पाहिजे. ते वाकडे दिसले तर गाडी तिथूनच परत न्यावी. पुढे टायरॉड किंवा पाटे बदलले, अथवा मोठा खड्डा बसला, की मापे पुन्हा घेऊन नोंदवहीतील तक्त्याशी ताडून पाहावीत.