नाटकाची पदवी घ्यायची आहे, पण कुठून?

प्रश्न : मुलगी दौंडला बारावीत आहे. गॅदरिंगच्या नाटकात कायम पुढे असते. आता नाटकाचीच पदवी घ्यायची म्हणते. काय करावं?
– एक पालक, दौंड

उत्तर : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात बी.ए. करता येतं. प्रवेशासाठी नुसते गुण पुरत नाहीत. मुलीला करून दाखवावं लागेल. दोन वेगळ्या स्वभावांची स्वगतं आतापासून पाठ करू द्या. माइकशिवाय म्हणताना वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातो का, ते तुम्ही लांब उभं राहून ऐका.

दौंडहून रेल्वे आहे. पण तालमी रात्रीपर्यंत लांबतात. रोजची ये-जा झेपणार नाही. राहण्याचा खर्च आधीच धरा.

दुसरी वाट : पुण्यातल्या कॉलेजात साधी पदवी आणि सोबत 1963 पासून चालणारी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही मागतं, तिथेही ही वाट पोहोचते.

पदवीने काम मिळेलच असं नाही. तरीही मुलीचा ओढा पक्का असेल, तर अडवू नका.