संथ डिस्कची कैफियत

संगणकाची हार्ड डिस्क मंदावली की ती आता थकली, आज ना उद्या दगा देणार, असा निवाडा दुरुस्ती करणारे ज्या तत्परतेने देतात, त्या तत्परतेने तिचा जबाब मात्र कोणी घेत नाही. घरातील जुन्या दस्तऐवजांच्या प्रती साठविलेली आमची डिस्क, जी एरवी सेकंदाला सव्वाशे-दीडशे मेगाबाइट सहज वाचून देई, ती मधूनमधून पाच-सात मेगाबाइटांवर येऊन अडखळू लागली, तेव्हा असाच निवाडा होऊन नवी डिस्क बसविण्यात आली. आणि नवीही तशीच अडखळू लागल्यावर संशय डिस्कवरून उठून तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर येणे क्रमप्राप्त झाले.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते, जिला 'स्मार्ट' म्हणतात आणि जी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने कोणालाही वाचता येते. तीत 199 क्रमांकाची, म्हणजे षोडशमान लेखनात 'सी7' अशी दिसणारी, सीआरसी चुकांची नोंद असते. सॅटा केबलमधून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक खेपेबरोबर, खजिन्याच्या थैलीबरोबर मोजदादीची चिठ्ठी जावी तसा, पडताळ्याचा एक आकडा जातो. पलीकडे तो जुळला नाही तर खेप नाकारून पुन्हा मागविली जाते, आणि अशा रीतीने माहिती शाबूत राहते, खर्ची पडतो तो वेळ. चुका फारच वाढल्या तर लिनक्स 6 गिगाबिटांचा दुवा 3 वर, प्रसंगी 1.5 वर उतरविते. विंडोज एक्सपी तर सहा चुका साचल्या की एकेक पायरी खाली येत अखेर 'पीआयओ'च्या बैलगाडीगतीवर ठाण मांडीत असे.

आमच्या दोन्ही डिस्कांत 5 आणि 197, म्हणजे पृष्ठभागाच्या खऱ्या व्याधी सांगणाऱ्या नोंदी, शून्य होत्या. वाढत होती ती केवळ 199. केबलमधील संकेत जेमतेम अर्ध्या व्होल्टाच्या आसपासचा असल्यामुळे पॉवर सप्लायच्या तारांना बिलगून, मुडपून बांधलेली सैल टोकाची केबल बाहेरच्या विद्युत्-उपद्रवाला सहज बळी पडते. केबल बदलून ती त्या तारांपासून दूर नेली, तेव्हा चुका उणावल्या खऱ्या, परंतु थांबल्या नाहीत. आणि आकडा वेळेसह टिपू लागल्यावर ध्यानात आले, की तो चढतो तो इमारतीचा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या सुमारास. अनवाणी पायांनी उभे राहून कॅबिनेटला हात लावला असता येणाऱ्या मुंग्यांचा खुलासाही तेथेच झाला: पॉवर सप्लायमधील गाळणीचे कपॅसिटर धातूच्या डब्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर 230 व्होल्टांच्या निम्म्याच्या आसपासचा दाब डब्यावर तरंगत राहतो. वायरमनने सॉकेट उघडले तर तिसऱ्या भोकामागे हिरवी तार जोडलेलीच नव्हती. ती जोडून दिल्यावर मुंग्या गेल्या आणि आकडा जागीच स्थिरावला.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी प्रथम महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत करावी, मग 199 चा आकडा कागदावर उतरवून ठेवावा, कारण तो कधी उतरत नाही. केबल बदलल्यावरही तो तेवढाच दिसणार, पाहायचे ते इतकेच की पुढे वाढतो किंवा नाही. एका वेळी एकच बदल करावा. कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढावा, आणि अर्थिंगचे काम, कितीही क्षुल्लक भासले तरी, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. दोन पिनांच्या अडॅप्टरने निभावून नेण्याची आपल्याकडील सवय मला तरी अक्षम्य वाटते. बाहेरून जोडायची डिस्क सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइटांवरच थबकत असेल, तर ती यूएसबी 2 च्या दुव्यावर उतरली असण्याचा संभव मोठा. तेथेही आखूड, चांगली केबल आधी लावून पाहावी.

जुन्या बाजारातून डिस्क घेताना 199 समोर मोठा आकडा दिसला म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही, तो बहुधा पूर्वीच्या धन्याच्या केबलचा दोष असतो. 5 आणि 197 मात्र शून्य असल्याखेरीज पैसे देऊ नयेत.